गिधाडाची चाल

सोमवार, ३ मार्च

आज बँकेत अर्ज भरायला गेले आणि 'व्यवसाय' या रकान्यापाशी घोडं अडलं. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, "अनिमादोरा." ती एकदम खूश. "अय्या! शनिवारी माझ्या भाच्याचा वाढदिवस आहे. फुगे तुमचे की आमचे?" चित्रांत जीव घालणारीचा हा शब्द आमच्या ग्वादालाहारात वाढदिवसांना माइक घेऊन नाचणाऱ्यांनी कधीच पळवलाय. मग म्हटलं, 'दिबुहान्ते' लिहा, चित्रं काढणारी. तर तिचा प्रश्न, "म्हणजे घरांचे नकाशे का?" शेवटी तिनं 'इतर' लिहिलं. बावीस वर्षं कागदावरची माणसं चालवतेय आणि मी कोण, तर इतर.

आई शेजारणींना सांगते, 'आमची ओतिलिया कलाकार आहे.' समोरची दोन्या पेत्रा, मी जिला मानानं दोन्या म्हणते, ती मला बाहुल्यावाली म्हणते. आजकालची पोरं स्वतःला इंग्रजीत अ‍ॅनिमेटर म्हणवतात. आमच्या स्टुडिओचे मालक डॉन एवारिस्तो मात्र एकच शब्द मानतात, मोनेरो. चित्रातली माकडं-बाहुली काढणारा तो मोनेरो, काढणारी ती मोनेरा. "बाकीचे शब्द अर्जावर लिहायचे," म्हणतात. माझा धाकटा भाऊ नाबोरही मला मोनेराच म्हणतो. त्याच्या तोंडून बरं वाटतं.

वही डॉन एवारिस्तोंनीच दिली. पहिल्यांदाच पूर्ण लांबीचा सिनेमा घेतलाय, हातानं काढलेला. "रोज काय केलंस ते लिही. नाहीतर वर्षानं कुणाला आठवणार नाही आपण कुठे चुकलो." गोष्ट कोंबड्यांच्या गावाची. त्या गावात एक गिधाड येतं. खाऊन खाऊन इतकं माजलंय की उडता येत नाही, म्हणून चालत येतं. ते चालणं माझ्या गळ्यात पडलंय. महिनाभरात शंभर कागद फाडले. "तुझं गिधाड पोस्टातल्या कारकुनासारखं चालतं," असं डॉन एवारिस्तो सगळ्यांसमोर म्हणाले.

मी मुख्य चित्रं काढते आणि त्यांच्या मधली चित्रं काढते दोन्या चोले. साठीची बाई, जिभेला हाड नाही. मी रागानं पेन्सिल शोधत होते, ती माझ्याच केसांत खोचलेली निघाली. दोन्या चोले म्हणाली, "तुझं कायम असंच. काखेत कळसा नि गावाला वळसा."

गुरुवार, ६ मार्च

डॉन फिदेन्सियोंना मारलं. माझ्यासमोर मारलं.

नीट लिहिते. जसं घडलं तसं.

स्टुडिओच्या कोपऱ्यावर त्यांची खाण्याची गाडी तीस वर्षं आहे. पाव चिरायचा, आत बीन्स आणि डुकराचं मटण भरायचं आणि अख्खा पाव तिखटजाळ रश्शात बुडवायचा. मी आणि नाबोर लहानपणापासून तिथे खातोय. दुपारचा एक वाजला होता. मी स्टुलावर बसले होते. त्यांचा मुलगा उबाल्दो बर्फ आणायला गेला होता.

समोर मोटरसायकल थांबली. दोघंजण, दोघांच्या डोक्यावर काळी हेल्मेटं. मागचा उतरला. माझी नजर सवयीनं पायांकडे गेली. लोक आधी तोंड बघतात, आम्ही मोनेरो आधी पाय बघतो. हा आमचा रोगच आहे. जाड बूट, जाड जाकीट. डावं पाऊल सरळ पडत होतं. उजवं बाहेरून वळसा घेऊन यायचं, मध्ये डबकं असल्यासारखं, आणि खांदा त्यामागून जरा उशिरा खाली जायचा. आम्ही सेकंदाला चोवीस चित्रं काढतो. डाव्या पावलाला बारा चित्रं, उजव्याला सोळा. अकरा पावलं टाकून तो गाडीपाशी आला. मी मोजत होते. देवा, मी बसून मोजत होते!

डॉन फिदेन्सियोंनी मान वर केली आणि ते हसले. काही न विचारता त्यांनी पाव उचलला, चिरला, भरला आणि वर पळीभर जास्त रस्सा घातला. ज्याचं तोंडही दिसत नाही अशा माणसासाठी ते पाव का भरत होते, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिली गोळी गळ्यात लागली. पळी पातेल्यात पडली आणि रस्सा माझ्या तोंडावर उडाला. दुसरी आणि तिसरी छातीत. ते गाडीला धरून खाली सरकले. गाडी कलंडली, पातेलं त्यांच्या अंगावर उपडं झालं. उकळता रस्सा अंगावर पडूनही ते ओरडले नाहीत, कारण ओरडायला गळाच उरला नव्हता. चौथी गोळी वाकून, डोक्यात. मग तो माणूस क्षणभर तसाच उभा राहिला, काहीतरी विसरल्यासारखा. आणि अकरा पावलं परत गेला. पळाला नाही.

मी रस्त्यावर गुडघे टेकले आणि कागदी रुमाल त्यांच्या गळ्यावर दाबून धरले. रस्सा कुठला आणि रक्त कुठलं, कळत नव्हतं. त्यांच्या मुठीत तो भरलेला पाव तसाच होता. उबाल्दो बर्फाची लादी खांद्यावर घेऊन आला आणि लादी टाकून नुसता उभा राहिला.

शुक्रवार, ७ मार्च

पोलिसानं घरी येऊन जबाब घेतला. जाडा, दमलेला माणूस. "व्यवसाय?" म्हणाला. मी "अनिमादोरा" म्हटलं, तर पेन थांबवून बघायला लागला. तोंडावर अजून भाजल्याचे डाग आहेत आणि ही म्हणे वाढदिवसात नाचते!

"चेहरा पाहिलात?"

"हेल्मेट होतं."

"दुसरं काही? उंची, खूण?"

"नाही."

खोटं बोलले. एक कारण भीती. फिदेन्सियोंनी बाजारातल्या त्या लोकांना हप्ता द्यायचं बंद केलं होतं, हे अख्ख्या वस्तीला माहीत आहे. दुसरं कारण फक्त इथे लिहिते. ती चाल मला हवी होती. ती पोलिसाच्या कागदावर जावी असं मला वाटलं नाही.

संध्याकाळी नाबोर कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून पडला होता. सात वर्षांचा असताना गच्चीवरून पडला, तेव्हापासून कंबर दुखते. मी म्हटलं, "काल कुठे उलथला होतास? मालक इतकी गाडी चालवायला लावतो का?" तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मोनेरा, तू तिथे होतीस. नेमकी कालच कशाला गेलीस?" माझी किती काळजी त्याला! मग हळूच विचारलं, "त्यांना फार त्रास झाला का?" मी सांगितलं, झाला. त्यावर उठून गेला आणि मोरीत बराच वेळ ओकत होता.

सोमवार, १० मार्च

काल फिदेन्सियोंना पुरलं. सगळी वस्ती होती. नाबोर आला नाही, आईनं दोनदा हाक मारली तरी उठला नाही. मी बोलले त्याला. ज्याच्या हातचं खाऊन मोठे झालो त्याच्या मातीला जायला लाज वाटते का, म्हणून विचारलं. त्यानं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

आज टेबलाशी बसले आणि गिधाडाचं पहिलं पाऊल काढलं. मग थांबताच येईना. बारा चित्रं, सोळा चित्रं, उशिरा पडणारा खांदा. दुपारपर्यंत अकराही पावलं कागदावर होती. मी कागद बोटांत धरून फरफर पलटले आणि गिधाड माझ्याकडे चालत आलं. अंगावर काटा आला. त्यानंतर जे वाटलं तेही लिहिते. आनंद झाला. तोंडावरचे फोड अजून फुटले नव्हते आणि मला आनंद झाला.

बुधवार, १२ मार्च

पेन्सिलच्या चित्रांची कच्ची फिल्म सगळ्यांसमोर लावली. सहा-सात सेकंदांची. डॉन एवारिस्तोंनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे कुठून आणलंस?"

"रस्त्यावरून."

"रस्त्यावरचंच दिसतंय. ह्याला हात लावू नका. आता ह्याचं पळणं राहिलं. शेवटी कोंबड्या मागे लागतात तेव्हा पळतं ना ते."

मी म्हटलं, पळणं एप्रिलात करू. खरं म्हणजे ते पळताना कसं दिसेल हे मला ठाऊक नाही. तो माणूस पळालाच नव्हता.

दोन्या चोले जाताना पुटपुटली, "चाल ओळखीची वाटते गं. कुणाची ते ध्यानात येईना." म्हटलं, चांगली चाल ओळखीचीच वाटते.

शुक्रवार, १४ मार्च

उबाल्दो स्टुडिओत आला. चोवीस वर्षांचा पोरगा, आठ दिवसांत पन्नाशीचा दिसायला लागलाय. म्हणाला, "पोलीस म्हणतात तुम्ही काही पाहिलं नाही. पण तुम्ही बघणाऱ्या आहात. वडील म्हणायचे, ही मोनेरा खाताना आमचीही चित्रं काढते."

मला राहवलं नाही. वडिलांचं शेवटचं सगळं सांगितलं. ते हसले, न विचारता पाव भरला, पळीभर जास्त रस्सा घातला. मग फिल्म लावली. त्याच्यासाठी लावली असं मी स्वतःला सांगितलं, पण कुणीतरी परत चकित व्हावं ही हौसही होतीच.

"पुन्हा लावा," तो म्हणाला. पुन्हा लावली. "पुन्हा." तिसऱ्यांदा तो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. मग त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा हात बर्फासारखा होता. "तुमचे उपकार झाले," म्हणाला. बिचारा. त्याचं मन थोडं हलकं झालं असावं.

बुधवार, १९ मार्च

कालव्यात एक पोरगा सापडला. त्याला चातो म्हणायचे, बाजारात मोटरसायकल उडवत फिरायचा. दोन्ही गुडघे हातोड्यानं फोडले होते, बोटं एक एक करून तोडली होती, मग मारला. दोन्या पेत्रा सांगत होती की मरायच्या आधी त्याच्याकडून काहीतरी वदवून घेतलं असणार. आई म्हणाली, "जेवणाच्या टेबलावर हे बोलणं नको." नाबोर ताट सारून उठला. गेले दोन दिवस त्यानं घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. चातो त्याचा मित्र होता, हे मला आजच कळलं.

सोमवार, २४ मार्च

हे कसं लिहू?

गिधाडाच्या खांद्यात काहीतरी खटकत होतं, म्हणून सकाळी मी घरातल्या मोठ्या आरशासमोर ते चालून बघत होते. आम्ही सगळेच असं करतो, आधी अंगात आणायचं आणि मग कागदावर. सातवं की आठवं पाऊल होतं. आई स्वयंपाकघरातून आली, हातातला झारा घेऊनच आली आणि माझ्या थोबाडीत मारली. मी अडतीस वर्षांची बाई! आईनं शेवटचं कधी मारलं होतं तेही आठवत नाही.

"लाज नाही वाटत? पाय दुखतो बिचाऱ्याचा, आणि तू त्याची नक्कल करतेस?"

मी म्हटलं, "कुणाची?"

"कुणाची काय विचारतेस! त्याला तसं चालायला कुणी लावलं, विसरलीस?"

मी आरशात पाहिलं. आरशात नाबोर होता.

बावीस वर्षं घरात ती चाल बघतेय मी. घरात तो चपला घालून पाय घासत चालतो म्हणून, जाड बूट होते म्हणून, हेल्मेट होतं म्हणून... ही सगळी कारणं मी दिवसभर स्वतःला देतेय. एकही पटत नाही. फिदेन्सियोंनी तर दुरूनच ओळखलं. हेल्मेटातल्या नाबोरला ओळखलं, हसले आणि त्याला आवडतो तसा जास्त रश्शाचा पाव भरायला घेतला.

आणि उबाल्दोला हे सगळं मीच सांगितलं. पाव, रस्सा, हसणं सांगितलं, आणि ती चाल तीनदा दाखवली.

मंगळवार, २५ मार्च

काल नाबोरच्या खोलीत गेले. दार लावलं. काही विचारलं नाही, खोलीत अकरा पावलं चालून दाखवली. तो पलंगावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

मी त्याला मारलं. हातात त्याचाच बूट आला, त्यानं मारलं, तोंडावर, डोक्यावर. त्याचा ओठ फाटला. त्यानं हात वर केला नाही.

"हप्तेवाल्यांनीच मला निवडलं," तो म्हणाला. "म्हणाले, तू त्याच्याकडे जेवतोस, तू जवळ जाशील. नाही म्हटलं असतं तर..."

"तर काय? तुला मारलं असतं? मरायचं मग!"

"तुला मारणार होते, मोनेरा. तुझा स्टुडिओ त्याच कोपऱ्यावर आहे. मी म्हटलं होतं, मलाच मारा. ते म्हणाले, आधी ती, तू नंतर."

"आणि मी स्टुलावर बसले होते."

"मला हेल्मेटच्या काचेतून नीट दिसत नव्हतं. तू आहेस हे परत फिरल्यावर कळलं." तो नाक पुसत म्हणाला, "फिदेन्सियोंनी विचारलं, 'नाबोर, रस्सा जास्त ना?' मग मी गोळी मारली."

ते मला ऐकू आलं नव्हतं. मी पावलं मोजत होते.

पोलिसांत जा म्हटलं. तर म्हणाला, तुरुंगात त्या लोकांचे दहाजण आहेत, एक दिवस जगणार नाही. बाहेर उबाल्दो आणि त्याचे दोन चुलतभाऊ आहेत. मोटरसायकल चालवणाऱ्या चातोकडून त्यांनी सगळं काढून घेतलंय. वस्तीच्या तोंडाशी रोज उभे असतात आणि, हा चेहरा लपवून निघेल म्हणून, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय बघतात. घरात का घुसत नाहीत, तर माझी आई उबाल्दोच्या नामकरणाची धर्ममाता आहे. तिच्या उंबऱ्याच्या आत रक्त सांडणार नाहीत. उंबऱ्याबाहेर सांडतील.

मला फिदेन्सियोंचा राग येत नाही, उबाल्दोचा येत नाही, नाबोरचाही पुरता येत नाही. ज्या हातानं त्याला मारलं त्याच हातानं त्याच्या ओठाला औषध लावलं. तो खुनी आहे. तो माझा भाऊ आहे. दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एकच निवडता येतं.

गुरुवार, २७ मार्च

मार्ग सापडला. तो मोनेरालाच सुचू शकतो.

चेहरा कुणी बघतच नाहीये. मी त्यांना पाय बघायला शिकवलंय. मग पाय बदलायचे! आजपासून दुपारी, आई झोपली की, गच्चीवर. चारी बाजूंनी चादरी वाळत घातल्या, म्हणजे शेजाऱ्यांना दिसायला नको. त्याला डॉन एवारिस्तोंची चाल द्यायचं ठरवलं. पोट पुढे, टाचा आधी, छोटी पावलं, दोन्ही पायांना सारखीच दहा चित्रं. डाव्या बुटात खडा घातला, म्हणजे भार उजव्यावर येईल आणि त्याला बाहेरून वळसा घ्यायला फुरसत मिळणार नाही.

"दुखतंय," तो म्हणाला.

"दुखू दे. कुणाला तरी दुखलंच होतं."

त्यानंतर तो दोन तास नुसता चालला. मी स्टॉपवॉच घेऊन मधे उभी होते, कठड्याच्या बाजूला त्याला येऊ देत नव्हते. कठडा अजून घोट्याइतकाच आहे.

रविवार, ३० मार्च

आता त्याचं पोट आपोआप पुढे येतं. आज मी म्हटलं, "डॉन एवारिस्तो, माझा पगार वाढवा." तर पोटावर हात ठेवून म्हणाला, "बाई, आधी गिधाड पळवा." आम्ही दोघंही हसलो. चादरींच्या मधे, एका खुनानंतर, पोट धरधरून हसलो. मग मला इतकं वाईट वाटलं की खाली बसले.

तिथेच त्यानं विचारलं, "मोनेरा, त्या दिवशी मी पडलो कसा?"

बावीस वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं, तो पतंग उडवत होता. आज खरं सांगितलं. मी सोळा वर्षांची होते आणि चालणारी माणसं काढायला शिकत होते. त्याला म्हटलं होतं, "मागे मागे चाल, मी काढते. थांबू नकोस." कागदावरून नजर वर केली तेव्हा तो नव्हता.

"म्हणजे ही चालसुद्धा तूच काढलेली," तो म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. आईला माहीत होतं हे मला त्या थोबाडीतच कळलं.

गुरुवार, ३ एप्रिल

तयार आहे. आज दोन्या पेत्रा खाली रस्त्यावर होती. तिच्या डोळ्यांसमोर अंगणात दहा पावलं चालवून घेतली, डोक्यावर हॅट, मिशी भादरलेली. मला विचारते, "कोण गं पाहुणे?" जन्मापासून ओळखते ती त्याला!

शनिवारी सकाळी अकराची तिहुआनाची बस. आईला सांगितलंय, सरहद्दीवर नोकरी लागली. आई एवढंच म्हणाली, "बरं."

डॉन एवारिस्तोंनी आज परत पळण्याचं विचारलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

रविवार, ६ एप्रिल

काल झालं.

आम्ही वेगवेगळे गेलो. मी आधी जाऊन बाकावर बसले. उबाल्दो फाटकापाशी होता, एक चुलतभाऊ तिकीटखिडकीशी. त्यांना बसचं कसं कळलं ते मला ठाऊक नाही. कदाचित ते रोजच तिथेही उभे असतील. दोघांच्या माना खाली. सगळ्या बसस्थानकात पाय बघणारे आम्ही तिघंच.

नाबोर आला. हॅट डोळ्यांपर्यंत ओढलेली, पोट पुढे, टाचा आधी. दहा, दहा, दहा. एकही पाऊल चुकलं नाही. उबाल्दोच्या हातभर अंतरावरून गेला. उबाल्दोनं त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि नजर मागच्या माणसाकडे वळवली. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि त्यात एकही रेघ नाही.

तेवढ्यात बसनं हॉर्न दिला. दोन मिनिटं आधीच ड्रायव्हरनं दार लावलं आणि बस मागे घ्यायला सुरुवात केली. नाबोर वीस पावलांवर होता.

तो पळाला.

उजवा पाय बाहेरून वळसा घेऊन गेला, खांदा मागून खाली पडला, हॅट उडाली. बुटातल्या खड्याचं आणि माझ्या दहा दिवसांचं काही चाललं नाही. उबाल्दोची मान वळताना मी पाहिली. ओरडले, "चाल! नाबोर, चाल!" लोकांना वाटलं, बाई वेडी आहे, बस सुटतेय आणि चाल म्हणते.

सात पावलं झाली. पहिली गोळी कंबरेत लागली, त्याच कंबरेत. तो बसच्या दारावर आपटला आणि हातांनी दार बडवायला लागला. ड्रायव्हरनं घाबरून बस पुढे रेटली आणि मागच्या चाकाखाली त्याचा पाय गेला. हाड मोडल्याचा आवाज मला बाकापर्यंत आला. दुसरी गोळी पाठीत, तिसरी मानेत. उबाल्दो चालत गेला, घाई न करता. चौथी गोळी वाकून, डोक्यात. त्याच्या बापाला जिथे लागली होती तिथेच. मग पिस्तूल जमिनीवर ठेवलं आणि माझ्या बाकापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या विजारीवर माझ्या भावाचा मेंदू उडाला होता.

"माझ्या बापानं त्याच्यासाठी पाव भरला होता," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी बसून पोलिसांची वाट बघायला लागला. मी उठले नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून होतो.

मंगळवार, ८ एप्रिल

तोच जाडा पोलीस. "व्यवसाय?"

"मोनेरा."

"म्हणजे नक्की काय करता?"

"चालायला शिकवते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि 'शिक्षिका' लिहिलं. ह्या वेळी चालीचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यानं त्यातलं फार थोडं लिहून घेतलं.

डॉन एवारिस्तो आणि दोन्या चोले मातीला आले होते. डॉन एवारिस्तो पोट पुढे करून, टाचा आधी टेकवत थडग्यांमधून आमच्याकडे आले, तेव्हा मी किंचाळले. त्यांना वाटलं, दुःखानं.

घरी आल्यावर आई चुलीपाशी बसली. तिला वाटलंच असेल, ही आता काहीतरी पतंगाची गोष्ट सांगेल. मी सगळं खरं सांगायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला.

"माहीत आहे. फिदेन्सियोचंही माहीत आहे आणि गच्चीचंही. मी दुपारची झोपते असं वाटलं का तुला?" तिनं वर छताकडे बोट केलं. "दहा दिवस माझ्या डोक्यावर पावलं वाजत होती. आधी वेगळी वाजायची, मग सारखी वाजायला लागली. मी पडल्या पडल्या मोजायचे."

मग तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"सगळी चालायचीच वाजली गं, ओतिलिया. पळायची एकदाही वाजली नाहीत."

मी तिला सांगितलं, कठडा घोट्याइतकाच आहे, आई. तिथे त्याला पळायला सांगायची मला भीती वाटली.